तपासणी टेबल, अंबड

कारखान्यात माझं काम ऐकण्याचं.
भट्टीतून निघालेला प्रत्येक इन्सुलेटर
लाकडी हातोडीनं हलकेच वाजवायचा.
खणखणीत वाजला तर पुढे,
विजेच्या खांबावर, उन्हातान्हात, पन्नास वर्षं.
बद्द वाजला तर खडूनं फुली
आणि मागच्या आवारातला ढीग.

त्या ढिगावर बसलेली दिसली मला
मिसुझु ओकातानी.
क्यूशू बेटावरून आलेली, पोर्सेलिनची कलावंत.
तीन महिने आमची पांढरी माती
आणि भट्टीतला एक कोपरा कंपनीनं तिला दिलेला.
निकुंभ साहेब म्हणाले होते, पाहुण्या आहेत,
चहाचं विचारत जा.
ती फुल्या मोजत होती.
माझ्याकडे बघून तिनं कानाला हात लावला:
या सगळ्या तुझ्या?
मी मान डोलावली, चोरी सापडल्यासारखी.

आमची भाषा म्हणजे
तिचं मोडकं इंग्रजी, माझं त्याहून मोडकं,
उरलेलं ओल्या मातीत बोटानं.

ती कपाची कड ओढायची
इतकी पातळ, की बघताना मीच श्वास धरायचो.
आमच्याकडे माल ट्रॉलीवर ढकलतात.
तिचा माल फुंकरीनं हलला असता.

एकदा कप हातातून निसटता निसटता वाचला.
कड दबली.
तिनं दोन बोटांनी सरळ केली, अलगद,
अशी की मला, तपासणीवाल्याला, कळलं नसतं.
हसली. थांब म्हणाली. भट्टी होऊ दे.

तेराशे अंशांतून कप परत आला
सातवा हिस्सा लहान होऊन,
आणि कड दबलेली.
तिथेच. तेवढीच.

ही माती अशीच, ती म्हणाली.
वरून सरळ करा, गप्प बसते.
आच लागली की तिला आठवतं.

मी तांबट आळीतला. आमच्या घरात उलटं होतं.
ठोकून ठोकून तांबं हट्टाला पेटायचं,
मग अण्णा ते लाल करून पाण्यात बुडवत, चर्रर्र,
आणि मागचे सगळे घाव विसरून ते पुन्हा मऊ.
पोचा आला? उलटं धर, आतून ठोक, निघाला.
कुठलंच भांडं आमच्याकडे बाद नव्हतं.
म्हणून असेल,
फुली मारताना अजून माझा हात जड होतो.
वीस वर्षं झाली. हे कुणाला सांगितलं नव्हतं.
तिलाही नाही सांगता आलं, शब्द नव्हते.

मार्चअखेरीस ती गेली.
तिची भांडी निफाडच्या द्राक्षांच्या खोक्यांत,
द्राक्षांच्याच कागदाच्या कातरणांत.
दबका कप माझ्या टेबलावर राहिला.
टेबलावरच्या फॉर्मला दोनच रकाने:
पास. बाद.
मी हातोडी उचलली नाही, नखानं वाजवला.
बॉल मिलचा खडखडाट मधे आला, गेला,
तो वाजतच होता.
फॉर्म कोरा ठेवून डब्याच्या पिशवीत घातला.
खरं तर हीसुद्धा चोरीच.

अण्णांना आता ऐकू येत नाही.
जन्मभर हंड्यांच्या पोटात घातलेल्या घावांनी
कान नेले.
नाद कसा आहे हे सांगून उपयोग नव्हता,
कप नुसता हातात दिला.
त्यांनी बूड पाहिलं, खिडकीकडे धरला,
कपाच्या आरपार त्यांचीच बोटं सावळी दिसली.
मग अंगठा दबलेल्या जागेवर आला,
आतून तर्जनी गेली, सवयीनं, पोचा काढायला,
आणि थांबली.

"किती गेज?" जरा मोठ्यानंच.
माहीत नाही, मी हातानं खुणावलं.
"हातानं केलाय?"
मी मान डोलावली.

बराच वेळ त्यांनी कप खाली ठेवला नाही.
मग आत बघून ओरडले,
चहा झाला का.